खड्डे बुजवा

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करत होतो, तेव्हा 'शिकवणी' नावाचं एक फोल्डर निघालं. आत २००७ सालचे माझे जीआयएसचे पहिलेवहिले नकाशे. एकाचं नाव 'फायनल', दुसऱ्याचं 'फायनल२', तिसऱ्याचं 'नक्की_फायनल'. (हे दुखणं सार्वत्रिक असावं!) त्यातला एक नकाशा उघडला आणि सगळी दुपार तिथेच गेली. साफसफाई राहिली ती राहिलीच.

तेव्हा मी पुण्यात एका लहानशा कचेरीत कामाला होतो. साहेबांनी एक दिवस जाडजूड पुस्तक टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "रास्टर ॲनालिसिस शिकून घ्या, पुढच्या कामात लागणार आहे." पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी गणितं होती आणि सोबत सरावाला कुठल्याशा परदेशी दरीचा डेटा. दोन दिवस त्या दरीत पाणी सोडून बघितलं. उत्तरं पुस्तकातल्यासारखी आली, पण मजा येईना. ज्या नदीत कधी पाय बुडवला नाही तिचं पाणलोट क्षेत्र बरोबर आलं काय आणि चुकलं काय, सारखंच. मग ठरवलं की हीच गणितं आपल्या मुलखावर करून बघायची. आमचं गाव पेण तालुक्यात वाशी विभागातलं, खारीतलं. आजोळ रोह्याचं. दोन्हीकडचं पाणी मला तोंडपाठ. निदान मला तसं वाटत होतं.

डेटा फुकट मिळत होता. फेब्रुवारी २०००मध्ये 'एंडेव्हर' हे अमेरिकन अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं होतं. त्याला साठ मीटर लांबीची दांडी बसवून टोकाला एक अँटेना लावली होती. यानावरचा रडार आणि ही दुसरी अँटेना, अशा दोन डोळ्यांनी त्याने जगातल्या जवळजवळ ऐंशी टक्के जमिनीची उंची मोजली. हाच तो एसआरटीएम. एक अंश लांब, एक अंश रुंद असे तुकडे करून तो ठेवलेला असतो, आणि तुकड्याचं नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून. आमचा तुकडा 'एन१८ई०७३'. पेण त्यात, रोहा त्यात, घाटावरचं पुणंसुद्धा त्यातच. म्हणजे ज्या खुर्चीत बसून मी हे करत होतो ती खुर्चीही त्या नकाशात कुठेतरी होती! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटच्या पद्धतीत नेमक्या याच चौकोनाला '४७ एफ' म्हणतात. एकीकडे साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन डोंगर चढलेल्या माणसांचा चौकोन, दुसरीकडे आभाळातून अकरा दिवसांत उरकलेला. दोन्हींच्या कडा तंतोतंत एकच. का कोण जाणे, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नकाशा कॉम्प्युटरात दोन तऱ्हांनी ठेवता येतो. एक तऱ्हा तलाठ्याच्या गावनकाशासारखी. गट नंबर, त्याची हद्द, हद्दीच्या आत मालकाचं नाव. हा झाला व्हेक्टर. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळ्या मुलखावर आलेखाचा कागद पसरायचा आणि प्रत्येक चौकोनात एकच आकडा लिहायचा. हा रास्टर. त्याला ना हद्द माहीत, ना मालक. माझ्या तुकड्यात आडवे १२०१ आणि उभे १२०१, म्हणजे चौदा लाखांहून जास्त चौकोन होते. एकेक चौकोन सुमारे नव्वद मीटर बाजूचा. आपल्या हिशेबात दोन एकर. आमची खारीतली जमीन तीन एकर, म्हणजे दीड चौकोन.

आकडेच असल्यामुळे त्यांच्याशी गणित करता येतं. नकाशात नकाशा मिळवायचा, नकाशातून नकाशा वजा करायचा, प्रत्येक चौकोनाला त्याच्या आठ शेजाऱ्यांची चौकशी करायला लावायची. या सगळ्याला 'मॅप अल्जिब्रा' असं नाव देऊन त्याची नीट घडी बसवली ती डॅना टॉमलिन या माणसाने. येल विद्यापीठातला त्याचा प्रबंध १९८३चा. त्याच सुमाराला, १९८२पासून, अमेरिकन लष्कराच्या बांधकाम खात्याच्या एका प्रयोगशाळेत 'ग्रास' हे सॉफ्टवेअर तयार होत होतं. लष्करी जमिनींची देखभाल कशी करायची, हा त्यांचा प्रश्न. पुढे ते सगळ्यांना खुलं झालं, आणि मी रात्री घरी बसून तेच वापरत होतो. लष्कराच्या छावण्यांसाठी केलेली वस्तू पेणच्या खारीवर! इतिहास हा असा कुठून कुठे जातो.

आता माझे पराक्रम सांगतो. पहिलं गणित उताराचं. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरला सांगितलं, प्रत्येक चौकोनाचा उतार काढ. उत्तर आलं की अख्खा रायगड जिल्हा एकोणनव्वद अंशांत उभा! पेणचा एस.टी. स्टँडसुद्धा भिंतीवर टांगलेला. एक पूर्ण दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की उंची मीटरमध्ये आहे आणि अंतर अंशांमध्ये. एका चौकोनाची रुंदी त्याच्या लेखी ०.०००८, त्यावर एक मीटर चढ म्हणजे भिंतच की. आधी सगळा तुकडा मीटरच्या मापात, म्हणजे यूटीएमच्या ४३व्या पट्ट्यात बसवायला हवा होता. बसवला. आता जिल्हा आडवा झाला, पण उताराच्या नकाशावर लुगड्याच्या काठासारखे पट्टे उमटले. कारण बसवताना नव्या चौकोनाला 'जवळच्या शेजाऱ्याचा आकडा घे' असं सांगितलं होतं. उंचीसारख्या सलग बदलणाऱ्या गोष्टीला ते चालत नाही, शेजाऱ्यांची सरासरी घ्यावी लागते. पुस्तकात हे एका ओळीत होतं. मी ती ओळ वाचलीही होती...

दुसरा पराक्रम त्याहून थोर. रडार तिरपा बघतो, त्यामुळे घाटाच्या कड्यांआड काही जागा त्याला दिसल्याच नव्हत्या. अशा चौकोनांत 'माहिती नाही' या अर्थी उणे ३२७६८ हा आकडा भरलेला असतो. ते सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. त्याने तो आकडा खराच धरला आणि सह्याद्रीत बत्तीस किलोमीटर खोल विहिरी खणल्या. आजूबाजूचे सगळे ओढे त्या विहिरींत. कुंडलिका रोह्याला पोचलीच नाही.

ते निस्तरलं आणि रोह्याचं गणित पुन्हा मांडलं. पाणी कुठून कुठे वाहतं हे काढायची रीत ओकॅलाहान आणि मार्क या दोघांनी १९८४ साली लिहून ठेवली आहे. प्रत्येक चौकोनाने आठ शेजाऱ्यांकडे बघायचं आणि सगळ्यांत जास्त उतार ज्याच्याकडे, त्याला आपलं पाणी द्यायचं. पूर्वेला दिलं तर १, आग्नेयेला २, दक्षिणेला ४, असं दुप्पट करत ईशान्येला १२८. मग एका जागी बोट ठेवून विचारायचं, "इथे कोणाकोणाचं पाणी येतं?" मी बोट ठेवलं रोहा आणि अष्टमीमधल्या पुलावर.

उत्तर सुंदर आलं. कोलाड, भिरा, वरचे सगळे ओढे धरून पाणलोट घाटाच्या धारेपर्यंत गेला आणि धारेवर थांबला. पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के बरोबर. त्या रविवारी रोह्याला गेलो तेव्हा प्रिंट मुद्दाम घेऊन गेलो होतो. मामाने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे रे. पण यात मुळशी कुठाय?"

मुळशी! रोह्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल ते मी विसरलो होतो. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्च-एप्रिलात दगडगोटे दाखवतात, पण कुंडलिका भर मे महिन्यातही वाहते. कारण ते पाणी तिचं नव्हेच. टाटांनी मुळशीला मुळा नदी अडवली. ती घाटावरची नदी, उताराप्रमाणे पूर्वेला जाऊन भीमेला आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायची. तिचं पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. वीजघर १९२७ साली सुरू झालं. वीज निघाल्यावर उरलेलं पाणी कुंडलिकेत. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी शेतीला आणि कारखान्यांना जातं. कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जी मंडळी जातात, ती त्याच पाण्यावर.

त्या पाण्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, आणि धरण तरीही झालं. आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. घाटावर धुणं धुताना ती म्हणायची, "हे पलीकडल्यांचं पाणी, आपल्याकडे आलंय." एवढंच. पण सॉफ्टवेअरच्या मानाने ते पुष्कळच. त्याच्या लेखी मुळशीचा प्रत्येक चौकोन आजही आपलं पाणी पूर्वेलाच देतो. १९२७ साल त्याच्या गणितात उगवलेलंच नाही. खरं तर मुळशी आणि भिरा दोन्ही एकाच तुकड्यात, एन१८ई०७३मध्येच आहेत. मधल्या बोगद्याचा आकडा तेवढा कुठल्याच चौकोनात नाही.

असो. रोह्याचा धडा हा असा हसत हसत झाला. पेणचा तसा झाला नाही.

पाणी वाहतं करण्याआधी एक पायरी असते, तिचं नाव 'फिल'. आपण 'खड्डे बुजवा' म्हणू. ज्या चौकोनाचे आठही शेजारी त्याच्याहून उंच, तो खड्डा. तिथे आलेलं पाणी अडकतं, आणि एक चौकोन अडकला की पुढची सगळी नदी तुटते. १९८८ साली जेन्सन आणि डोमिंग या दोघींनी हे खड्डे शोधून काठापर्यंत भरण्याची रीत प्रसिद्ध केली, ती अजून बहुतेक ठिकाणी वापरतात. पुस्तक म्हणत होतं की डेटातले बहुतेक खड्डे ही मोजणीतली चूक असते, तेव्हा बेलाशक बुजवा. मी बटण दाबलं. मग सहज कुतूहल म्हणून बुजवलेल्या नकाशातून मूळ नकाशा वजा केला. उरलं ते म्हणजे कुठे किती भर घातली त्याचा नकाशा. डोंगरात तुरळक ठिपके. आणि पेणच्या पश्चिमेला, वडखळपासून धरमतरच्या खाडीकडे, ठिपकेच ठिपके. सॉफ्टवेअरच्या मते सगळ्यांत जास्त चुका आमच्या गावाकडे होत्या.

त्याचं कारण खार म्हणजे काय ते कळल्याशिवाय समजणार नाही. ही जमीन मुळात खाडीची. आमच्या पूर्वजांनी मातीचा बांध घालून ती मागून घेतली. भरतीला बाहेरचं पाणी शेताच्या वर असतं, बांध ते अडवतो. बांधात एक उघाडी असते, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला बाहेर ढकलून निघून जातं, भरती आली की बाहेरचं पाणीच तिला घट्ट मिटवतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वरही जातो. म्हणजे आमचं शेत रोज दोनदा खड्डा असतं आणि दोनदा नसतं. एका चौकोनात एकच आकडा लिहायची सोय असलेल्या नकाशाला हे कसं सांगायचं?

आणि बांध? तो असतो दोन-तीन मीटर उंच आणि चार पावलं रुंद. चौकोन नव्वद मीटरचा, उंची पूर्ण मीटरमध्ये, आणि एसआरटीएमने उंचीची हमीच मुळात सोळा मीटरच्या आत अशी दिलेली. (प्रत्यक्षात तो यापेक्षा पुष्कळ बरा आहे, पण बांध दिसण्याइतका नाही.) ज्याच्या जोरावर गावंच्या गावं उभी आहेत, ती वस्तू या नकाशात नाहीच. टोपोशीटवर मात्र बांधाला खूण असते, काठाला बारीक दाते असलेली रेघ. तो नकाशा काढणारा माणूस चिखल तुडवत तिथे गेला होता, एवढाच फरक.

पण मला त्या वेळी हे सुचलं नव्हतं, कारण मला बांध दिसला होता! खाडीच्या काठाने तीन-चार मीटर उंचीचा एक सलग पट्टा, मागे सखल शेतं. मी खूश. दिवाळीला गावी गेलो तेव्हा ही प्रिंटही नेली आणि ओसरीवर काकांपुढे पसरली. म्हटलं, "काका, हा बघा आपला बांध. अंतराळातून काढलाय."

काकांनी कागद फिरवून घेतला. खाडी कुठे, देऊळ कुठे, ते विचारून घेतलं. मग त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यो बांध नाय रं. ही तिवरा."

रडारला जमीन दिसत नाही, झाडाचा शेंडा दिसतो. ज्याला मी बांध समजत होतो ती तिवरांची राई होती. आणि ती जिथे होती, तिथे पूर्वी भात होतं. मी चौथीत होतो त्या पावसाळ्यात बाहेरच्या बांधाला खांड पडली. रात्री कंदील घेऊन गेलेले वडील आणि काका सकाळी कमरेपर्यंत चिखलात परत आले, ते मला आठवतं. ज्या कचेरीत अर्ज करायचे तिथे केले, तिचं नाव इथे नको. दुसऱ्या वर्षी खांड रुंदावली. मीठ चढलं, भात गेलं, चिखलात तिवरांची रोपं धरली. २००० साली अवकाशयान वरून गेलं तेव्हा ती चांगली दोन पुरुष उंच होती. म्हणजे नकाशात आमची जी जमीन सगळ्यांत उंच दिसत होती, तीच नेमकी बुडालेली होती. आणि जी अजून पिकत होती ती 'चूक' म्हणून मी बुजवून टाकली होती.

काका चिडले वगैरे नाहीत. ते शिलोत्रीबद्दल बोलायला लागले. मी तो शब्द लहानपणी ऐकला होता, पण कधी विचारलं नव्हतं. पुण्याला परतल्यावर १८८३ सालचं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर काढून बघितलं (जिल्ह्याचा रायगड झाला १९८१मध्ये), तर त्यात ते सगळं आहे. अलिबागकडचे शहापूर आणि पोयनाड हे भाग आणि पेणचा वाशी भाग, इथे शिलोत्री गावं होती. खाडीचे मोठे बांध शिलोत्रीदारांनी घातलेले, राखायचेही त्यांनीच. त्यासाठी सरकारी सारा सोडून प्रत्येक शेताने बिघ्याला एक मण भात द्यायचं, त्याला शिलोत्री मण म्हणत. ते भात बाहेरच्या बांधाच्या डागडुजीला. ही काही रामराज्याची व्यवस्था नव्हती. शिलोत्रीदार म्हणजे काही संत नव्हेत, मण घेऊन बांध न बांधणारेही असतीलच. पण बांध कोणाचा या प्रश्नाला तेव्हा एक उत्तर होतं आणि त्या उत्तरात भाताचं माप होतं. १९४८ साली मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, आणि काम सरकारकडे गेलं. मण बंद झाला. काकांचं म्हणणं एवढंच, की मण द्यायचा तो माणूस रात्री बांधावर जायचा.

तिवरांचंही ऐकून घेतलं पाहिजे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर त्यांची तोड थांबवली, २०१८च्या निकालाने ते पक्कं झालं. वादळात आणि लाटांत तीच किनारा धरून ठेवतात, मासळीची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. मला हे पटतं. काकांनाही पटायचं, ते स्वतः तिथे चिंबोऱ्या धरायला जात. पण एकदा तिवरं उभी राहिली की ती जमीन परत भाताला येणार नाही, हेही तितकंच खरं. सातबाऱ्यावर अजून आमचं नाव आहे. व्हेक्टरमध्ये आमची तीन एकर शाबूत, रास्टरमध्ये दीड चौकोन जंगल.

हल्ली समुद्र वाढणार म्हणून नकाशे फिरतात. एक मीटर पाणी वाढलं तर काय बुडेल, दोन मीटर वाढलं तर काय. त्यातले बरेच या एकाच गणिताने केलेले असतात. उंची अमुकपेक्षा कमी असेल तर चौकोन निळा कर. संपलं. पेणची खार त्यात नेहमी निळी असते. ती आजच भरतीच्या पातळीखाली आहे, आणि तरी तिथे लोक जेवतात, लग्नं करतात, गणपती बसवतात, ते का, हे त्या गणितात येत नाही. धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो आधी खांडीतून येईल, आणि खांड नकाशात नाही.

पुढच्या मे महिन्यात हातातला जीपीएस घेऊन चुलतभावाबरोबर उरलेला बांध चाललो. साडेतीन तास आणि एक चप्पल गेली. ती रेघ रास्टरमध्ये बदलली, त्या चौकोनांत तीन मीटर मिळवले, उघाडीच्या चौकोनांतून तेवढेच वजा केले. शेवटी एकदाचं पाणी उघाडीतून बाहेर पडलं. पुस्तकात असल्या गणिताचं उत्तर नव्हतं, त्यामुळे बरोबर आलं की नाही ते काकांना विचारावं लागलं. पुढे २०१५च्या सुमाराला तीस मीटरचा डेटा खुला झाला, इस्रोच्या 'भुवन'वरही तसा मिळतो. एक चौकोन म्हणजे नऊ गुंठे. तिवरं जास्त स्पष्ट दिसतात. बांध अजूनही दिसत नाही.

त्या हार्ड डिस्कवर 'नक्की_फायनल'च्या खाली आणखी एक फाइल होती. त्या दिवाळीत काकांनी माझा निळा बॉलपेन मागून घेतला आणि प्रिंटवर तिवरांच्या पट्ट्यातून एक वाकडी रेघ ओढली. जुना बांध, खांड पडायच्या आधीचा. दोन उघाड्यांच्या जागी गोल केले. एका गोलाशी थोडं थांबून तो खोडला आणि बोटभर अलीकडे काढला. मी पुण्याला येऊन तो कागद स्कॅन केला आणि रेघ उतरवून घेतली. लेयरला नाव द्यायचं होतं, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही म्हणून 'काका' दिलं होतं. काका २०१६ला गेले. परवा तो लेयर नव्या डेटावर टाकून बघितला, जागच्या जागी बसला.